क्लचवरचा ठोकळा

४ जानेवारी

चिरंजीव टिल्लूस,

दादाचा आशीर्वाद, आणि उत्तर लगेच पाठव असा वहिनीचा दम.

तू आता नातवंडांची आजी झालीस, तरी मी टिल्लूच लिहिणार. फळा पुसायला तुला खुर्चीवर चढावं लागायचं, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यानंतर तू फारशी वाढलीही नाहीस.

पत्रास कारण बाबांची पिकअप. अंगणाच्या कोपऱ्यात ती अजून उभी आहे. हौद्यात वहिनीच्या कोंबड्या राहतात. परवा सकाळी ऊन नेमकं बॉनेटवर पडलं आणि मला एकदम सगळं दिसलं: मागे रोपांच्या कुंड्या, त्यांच्या मधे आपण दोघं, आणि नदीची कविता आपण इतक्या मोठ्याने म्हणतोय की बाबा खिडकीतून डोकं काढून सांगतायत, "अरे, रोपं घाबरतील." त्या क्षणी ठरवलं, हिला पुन्हा रस्त्यावर आणायचं. चार ओळीही सुचल्या, त्यातल्या दोन देतो:

थांबला जरी रथ अंगणी, गंजुनी गेली धुरा,
आठवांच्या मार्गावरी तो धावतो अजुनी पुरा.

वहिनी म्हणाली, "आधी स्वतःचे गुडघे दुरुस्त करा." मिस्त्रीला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, कोंबडीला बाजूला केलं, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, ही गाडी नाही, गाडीची आठवण आहे. हिची जुळी बहीण कुठे पडून असेल तर तिचे भाग काढून हिला लावता येतील. नवे भाग आता कुठेच मिळत नाहीत."

जुळी बहीण तुझ्याच शेडमधे आहे. बाबांची गाडी पाहूनच मेहुण्यांनी तशीच घेतली होती. तुझ्या लेकाने कळवलंय की मे महिन्यात तो तुला कायमचं आपल्याकडे नेणार, घर भाड्याने देणार आणि गाडी भंगारात घालणार. भंगारात जाण्यापेक्षा ती माझ्याकडे आली तर मेहुण्यांनाही बरं वाटेल. पण गाडी त्यांची, आता तुझी. तू नको म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

तुझा दादा


१२ जानेवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. कविता वाचली. "पुरा" यमकासाठी ओढून आणलास, शाळेतही हेच करायचास.

गाडी खुशाल घे. लागेल ते कळव, मी काढून पाठवते. शेजारी वेल्डर आहे, तो हात लावतो. मला काय करायचीय गाडी? हे जाऊन वर्ष होत आलं, तेव्हापासून तिची किल्ली खिळ्याला अडकवलेली आहे. बाजार लांब आहे, पण भाजीवाला दारावर येतो. कंटाळा आला की शेडमधे जाऊन बसते थोडा वेळ. लेकाच्या तिसऱ्या मजल्यावर गेले की तेही सुटेल.

गल्लीतले लोक अजून म्हणतात, असा काचवाला पुन्हा होणार नाही. एवढ्या मोठमोठ्या काचा हौद्यात उभ्या करून आणायचे, पण वाटेत एक कधी तडकली नाही. ऐकून बरं वाटतं. त्यांचं नाव असंच राहावं, बाकी मला काही नको.

वहिनीला सांग, कोंबड्यांची सोय आधी कर, मग गाडीची.

टिल्लू


३ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

पहिली पेटी मिळाली. रेडिएटर, कार्बोरेटर आणि तिन्ही पेडलं. मिस्त्रीने एकेक भाग रॉकेलने धुऊन अंगणात मांडला. नवरीचे दागिने मांडावेत तसा. वहिनीने तेवढ्यात वाळवणाची चादर उचलली म्हणून ती वाचली, नाहीतर आमचा संसार तिथेच आटोपला असता.

एक गंमत सांगायची राहिली. क्लचच्या पेडलवर एक लाकडी ठोकळा स्क्रूने घट्ट बसवलेला होता. ब्रेकवर पण, जरा पातळ. वर जुन्या टायरचं रबर शिवलंय, इतकं नीट की मोच्याला लाजवेल. मेहुण्यांचा गुडघा शेवटी शेवटी दुखत होता का गं? पाय फार दाबावा लागू नये म्हणून बसवला असणार. गडी स्वाभिमानी, कोणाला बोलला नसेल. मिस्त्रीने ठोकळे काढले. मोठा मी सध्या कवितांच्या वह्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर ठेवतो.

आता दरवाजा हवा. आमचा डावा दरवाजा पार कुजलाय. मी समोर खुर्ची टाकून बसतो, तेव्हा त्याच्यातून आतलं सीट दिसतं. तेवढा डावा पाठव.

दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

डावा दरवाजा आजच्या मालगाडीने पाठवला आहे, पोत्यात गुंडाळून.

हो, त्यांचा गुडघा दुखायचा.

ठोकळे मात्र फेकू नकोस. वह्यांवर ठेव, हरकत नाही, पण पाणी लागू देऊ नकोस.

टिल्लू


२४ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

दरवाजा आला, पण बाई, तू उलटा पाठवलास. मी डावा मागितला होता. मिस्त्री बसवायला गेला तर बिजागऱ्या भलत्याच बाजूला. म्हणाला, "काका, हा तर शेजारच्या सीटचा आहे. तो आपला चांगलाच आहे." आता आमच्याकडे एका बाजूचे दोन दरवाजे आहेत आणि चालवणाऱ्याच्या बाजूला एकही नाही. वहिनी म्हणते, तिकडून वारा खात जा.

पण तुझा दरवाजा मी तासभर हातात घेऊन बसलो. खिडकीच्या काठावर एका जागी रंग पार घासून गेलाय, खालचा पत्रा चमकतोय. कोणीतरी तिथे वर्षानुवर्षं कोपर टेकवून बसलेलं. लगेच तू डोळ्यांपुढे आलीस: मेहुणे चालवतायत आणि आमची टिल्लू शेजारी कोपर बाहेर काढून महाराणीसारखी बसली आहे. यावर कविता होईल. सध्या पहिली ओळ अडली आहे, "कोपर"ला यमक सुचत नाही.

खरा डावा पाठव. आणि सीटही पाठव, आमच्या सीटवर कोंबड्यांनी घरटं केलंय.

दादा


५ मार्च

दादा,

गाडीचं डावं म्हणजे आत बसून पुढे बघणाऱ्याचं डावं. तू तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतोस आणि तिचं तोंड बघत डावं-उजवं ठरवतोस. ती काय गाडी आहे की मुलगी बघायला गेला आहेस? मी सात-आठ वर्षं रोज डावं, उजवं, जरा डावं, बस असं सांगत आले, माझं कधी चुकलं नाही. विचार मिस्त्रीला.

दुसरा दरवाजा आणि सीट पाठवते आहे. सीटच्या खालची पट्टी गंजून अडकलेली आहे, मागेपुढे होत नाही, जोर लावू नका.

आणि कवितेत माझं कोपर घालू नकोस. त्या खिडकीपाशी माझी हनुवटीसुद्धा जेमतेम पोचते.

टिल्लू


१९ मार्च

प्रिय टिल्लू,



सीट काल बसवलं. मिस्त्री म्हणाला, "काका, पहिला मान तुमचा." मी चढलो आणि अडकलो. गुडघे डॅशबोर्डला, पोट स्टिअरिंगला. शेवटी मिस्त्रीने आणि वहिनीने एकेक पाय धरून मला बाहेर काढलं. वहिनी एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही हसलो. मग चहा पिताना हसू हळूहळू उतरलं.

मेहुणे माझ्याहून वीतभर उंच होते. तुझ्या लग्नात दाराच्या चौकटीला त्यांचं डोकं आपटलं होतं, बाबांनी धावत जाऊन चौकटीलाच चापट मारली होती. तो माणूस या सीटवर रोज बसणं शक्य नाही. आणि खिडकीच्या काठावर कोपर टेकायला जेवढी उंची लागते, तेवढी त्यांचीच होती.

मी आत गेलो, वह्यांवरचा ठोकळा उचलला आणि जमिनीवर ठेवून त्यावर पाय ठेवला. तुझा पाय पेडलपर्यंत पोचायला जेवढा कमी पडेल, तेवढाच तो जाड आहे.

टिल्लू, गाडी तू चालवायचीस ना?

मी तुझा भाऊ, आयुष्यभर मुलांना ओळींमधला अर्थ शोधायला शिकवलं. आणि तू मला एकेक भाग पाठवत होतीस, मी त्यांच्यावर यमकं जुळवत बसलो. रागावलो नाही. फक्त सांग. आणि हेही सांग, की तुझीच गाडी असताना तू ती मला अशी सुटी करून का देते आहेस.

दादा


२१ एप्रिल

ती. दादास,

महिनाभर उत्तर दिलं नाही. तीनदा लिहायला बसले आणि उठले.

हो, मीच चालवायची.

त्यांची नजर बाजूने मिटत गेली होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. त्यामुळे माप कधी चुकलं नाही, काच शेवटपर्यंत त्यांनीच कापली. पण रस्त्यावर बाजूने कोण येतंय ते दिसायचं नाही. एकदा एक सायकलवाला थोडक्यात वाचला. त्या दिवशी ते घरी येऊन किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "तू शीक. मी शिकवतो." शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर शिकले. ठोकळे त्यांनीच केले, रबर मी शिवलं. शेजारी बसून म्हणायचे, "टिल्लूबाई, काच आहे मागे, फुलासारखी न्या." तुझं ते नाव त्यांनीही उचललं होतं.

पण ज्याला दिसत नाही त्याच्याकडून काच कोण घेणार? समोरचं दिसतं, बाजूचं नाही, हे घरोघर कोणाला समजावत बसायचं? म्हणून आमच्या गल्लीच्या अलीकडच्या वळणावर मी गाडी थांबवायची. तिथे फक्त एक बेकरी आहे आणि दुपारी तिचं शटर अर्धं खाली असतं. मी या बाजूने उतरायची, हे त्या बाजूने, आणि जागा बदलायची. पुढची गल्ली रिकामी आणि सरळ. ते गुडघे कानाशी घेऊन पहिल्या गिअरमधे रांगत गाडी न्यायचे आणि मी शेजारून बारीक आवाजात डावं, उजवं. लोक म्हणायचे, बघा, काचवाला किती जपून चालवतो. आम्ही घरात शिरलो की दार लावून हसायचो.

आता तूच सांग. मी आज किल्ली घेऊन गल्लीतून निघाले तर पहिला प्रश्न येईल, बाई, तुम्ही कधी शिकलात? का शिकलात? एकाचं उत्तर दिलं की दुसरं आपोआप बाहेर येतं. त्यांनी एवढं जपलेलं मी त्यांच्यामागे उघडं करू का? त्यापेक्षा गाडी गेलेली बरी. मीही मे महिन्यात जाते. तिसऱ्या मजल्याला लिफ्ट आहे म्हणतात.

तू मात्र हे मनात ठेव. वहिनीला सांगितलंस तरी चालेल, ती कोणाला बोलत नाही.

टिल्लू


२ मे

प्रिय टिल्लू,

वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तशीच म्हणाली, "मला कोणी एवढी जागा बदलून दिली असती तर मीही गप्प राहिले असते." आणि माझ्याकडे बघितलं. मी वही घेऊन अंगणात गेलो.

गाडी चालू झाली. काल सकाळी मिस्त्रीने किल्ली फिरवली, ती खोकली, शिंकली, कोंबड्या भिंतीवर चढल्या, आणि मग तो आवाज आला. बाबा फाटकाशी आल्यावर यायचा तोच. मी सगळी नदीची कविता म्हटली. शेवटचं कडवं आठवलं नाही, ते माझं रचून घातलं.

आता नीट वाच. ठोकळे मी परत पेडलांवर बसवले आहेत, त्याच स्क्रूंनी. सीट आहे तिथेच आहे. माझा चांगला दरवाजा काढून तिथे तुझा, कोपराने घासलेला, लावला आहे. मिस्त्री रंग द्यायला निघाला होता, त्याच्या हातून डबा घेतला. म्हणजे सांगाडा आणि इंजिन बाबांचं, बाकी सगळं तुमचं. अशी गाडी मी ठेवून काय करू? मला तिच्यात बसताही येत नाही.

शनिवारी दुपारी शहराच्या टोकाच्या पेट्रोल पंपावर ती घेऊन येतो. मिस्त्री चालवेल, तोही तुझ्याच मापाचा आहे. तो तिथून बसने परत जाईल. मी शेजारच्या सीटवर बसून राहीन. तू आलीस तर चालव. नाही आलीस तर मी तिथे कविता म्हणत बसेन आणि पंपावरचे लोक मला हाकलतील, त्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

मेहुण्यांचं नाव तू जपलंस. पण मी त्यांना ओळखत होतो. ज्या माणसाने तुला माळावर नेऊन गाडी शिकवली, त्याला ती खिळ्याला टांगलेली किल्ली आवडली नसती. एवढंच म्हणतो. आग्रह नाही.

दादा


१५ मे

ती. दादास आणि सौ. वहिनीस नमस्कार.

तू सुखरूप पोचलास, बसमधे चष्मा विसरला नाहीस, हे वहिनीच्या चिठ्ठीवरून कळलं. छत्री मात्र इथेच राहिली.

शनिवारची एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगायला हे पत्र. पंपावरून निघाल्यापासून तू डोळे मिटून जो सुरू झालास, तो थेट घराच्या दारापर्यंत. इंजिनाचा आवाज आणि तुझा आवाज, यात तुला दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

वळण आलं आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. हात दरवाज्याच्या कडीवर गेला, एवढ्या वर्षांची सवय. मग शेजारी बघितलं तर तू. तू कुठे उतरणार? तुला ना गाडी चालवता येत, ना तुझे गुडघे आत मावत. मी तशीच बसून राहिले. पुढे जावं की गाडी तिथेच सोडून चालत घरी जावं, कळेना.

तेवढ्यात बेकरीचं अर्धं शटर वर गेलं. म्हातारा बेकरीवाला बाहेर आला, हात पिठाने पांढरे. माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला, "वहिनी, आज उतरला नाहीत?"

मी कडीवरचा हात काढला. तो म्हणाला, "दुपारी मी आत पोत्यांवर आडवा पडतो. शटरखालून फक्त पाय दिसतात. मोठे पाय इकडून तिकडे, छोटे पाय तिकडून इकडे. ते दिसले की मी उठून भट्टी पेटवायचो. वर्षभर दिसले नाहीत. आज गाडीचा आवाज आला, वाट बघत राहिलो, पायच खाली येईनात."

मी विचारलं, "कोणाला बोललात?"

म्हणाला, "काय बोलायचं? काच कधी तडकली का?" आणि तुझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण? बरे आहेत ना?" मी सांगितलं, माझे दादा, कविता म्हणतायत. तो म्हणाला, "असं होय," आणि आत गेला.

मग मी गल्लीत शिरले. दुसऱ्या गिअरमधे, दादा. लोक दारांत आले. कोणीतरी विचारलंच, कधी शिकलात हो? मी म्हटलं, ह्यांनी शिकवली. पुढे कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं होतं एका उत्तरातून दुसरं बाहेर येईल, पण त्या एका उत्तरातच सगळे खूश होते. चौकात नवा काचवाला आलाय, त्याच्याकडे गाडी नाही. सोमवारी दारावर आला. उद्या त्याची पहिली खेप आहे.

लेक रविवारी मला न्यायला येतोय. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. स्टेशनवर आणायला मी जाणार आहे, गाडीत बसल्यावर त्याला जे विचारायचं ते विचारेल. लिफ्ट बघायला चार दिवस जाऊन येईन म्हणते.

वळणावर मी अजून थांबते. कारण काही नाही. शेजारच्या खिडकीवर, कोपराच्या जागी, हात ठेवते आणि गाडी पुढे काढते. तेवढ्यात आत भट्टी पेटते.

तुझी टिल्लू